कळशी, पातेलं आणि तुझं सनबोर्डचं विमान

आधी तो ५२०० चा पॅक कार्टमधून काढ. काढलास? आता निवांत बोलू.

काल तू विचारलंस, "ताई, मोठी बॅटरी घेतली की जास्त वेळ उडेल ना?" आणि मी "रात्री सांगते" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, टाळतेय. टाळत नव्हते गं. दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तू तेवढ्यावर पैसे भरून मोकळी झाली असतीस, आणि महिन्याभराने मला शेतात पडलेल्या पंखांचा फोटो आला असता. तसा फोटो मी स्वतः काढलेला आहे. म्हणून म्हटलं, नीट बसून सांगावं.

तुझ्या विमानापासूनच सुरू करू. सगळं मिळून वजन अकराशे ग्रॅम. मोटर ए२२१२, हजार केव्हीची. पंखा दहा बाय साडेचार. तीस अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट. आपल्याकडे कितीतरी जणांचं पहिलं विमान याच जोडणीवर उडतं, माझंही उडलं. यात आत्ता तीन सेलची, २२०० एमएएचची लायपो बसते, ती साधारण १८५ ग्रॅम भरते. ५२०० ची लायपो चारशेच्या आसपास जाते. म्हणजे अकराशे ग्रॅमच्या विमानावर तू आणखी दोनशे ग्रॅम चढवणार, आणि पंख मात्र तेवढेच राहणार. तेवढ्याच पंखांनी जास्त वजन उचलायचं तर विमानाला जास्त वेगानेच उडावं लागतं. मग ते वळताना लवकर घसरतं, उतरताना पळत येतं. जास्तीची मिनिटं मिळतील खरी, पण त्यातली काही ती बॅटरी स्वतःलाच वाहून नेण्यात खाईल. आणि तुझे हात अजून नवे आहेत. नव्या हातांना हळू उडणारं विमान लागतं, दुसरं काही नाही.

तेव्हा प्रश्न थोडा बदलू. "केवढी बॅटरी" हे नंतर. "कोणत्या जातीची" हे आधी. कारण लिथियमच्या बॅटऱ्या सगळ्या एकसारख्या नसतात, आणि दुकानदार हे समजावून सांगेलच असं नाही.

आजीच्या घरची कळशी आठवते तुला? अरुंद गळ्याची, पितळी. आणि लग्नकार्यातलं मोठं पातेलं? समज, दोन्हींत पाणी सारखंच मावतंय. पण आग लागली आणि ते पाणी एका दमात ओतायचं झालं तर? पातेलं एका झटक्यात रिकामं होईल, कळशी गुडगुड करत बसेल. बॅटरीचंही असंच आहे. तिच्यात ऊर्जा किती मावते ही एक गोष्ट, आणि ती किती वेगाने बाहेर काढता येते ही दुसरी. एमएएचचा आकडा पहिलीबद्दल बोलतो. विमान उडेल की पडेल हे बऱ्याचदा दुसरीवर ठरतं.

लायपो म्हणजे पातेलं. नावात पॉलिमर असलं तरी आत बहुतेक वेळा जेलसारखा द्राव असतो, आणि रसायन दुसऱ्या लिथियम-आयन सेलसारखंच. फरक बांधणीत आहे. धातूच्या डब्याऐवजी फॉइलची पिशवी, आणि आत एकावर एक रचलेले पातळ थर. थर पातळ असले की आयनांना पलीकडे जायला अंतर कमी पडतं, अडथळा कमी होतो, आणि करंट धो-धो निघतो. सेलमागे ३.७ व्होल्ट धरतात, पूर्ण भरली की ४.२०. तुझ्या तीन सेलच्या पॅकचे ११.१ व्होल्ट इथून आले.

गोल सेल, म्हणजे सगळे नुसते "लायआयन" म्हणतात ते, ही कळशी. १८६५० हा १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, २१७०० हा २१ जाडीचा आणि ७० लांबीचा. नावातच माप आहे. स्टीलच्या डब्यात घट्ट गुंडाळी, थर जाडसर, त्यामुळे ऊर्जा भरपूर मावते पण ओतायला वेळ लागतो. वजनाच्या हिशोबात बघ. तुझी लायपो किलोमागे जेमतेम १३० वॉट-अवर देते. ३५०० एमएएचचा चांगला १८६५० अडीचशेच्या वर जातो. जवळपास दुप्पट! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

आणि तिथेच मी चुकले.

तेव्हा माझं विमान तुझ्याइतकंच होतं. ३५०० चे तीन सेल घेतले, पॅक बांधला, तो १५५ ग्रॅम भरला. विचार कर, लायपोपेक्षा तीस ग्रॅम हलका आणि ऊर्जा दीडपट. कागदावर कुठेच खोट नव्हती. सेलच्या माहितीपत्रकात सलग करंटची मर्यादा १० अँपिअर लिहिलेली होती. मी वाचलीही होती. विमान आडवं उडताना पाच-सहा अँपिअरच घेतं, मग दहा पुरे झाले, असं मनाशी म्हटलं. पूर्ण थ्रॉटलला माझी मोटर पंधरा घ्यायची, तेही मला ठाऊक होतं. पण तेवढं तर फक्त उड्डाणाच्या वेळी, काही सेकंद.

पहिली दहा मिनिटं छान गेली. नागपूरच्या बाहेर, डिसेंबरची सकाळ, वारा पडलेला. मग उतरायला आणलं, अंदाज चुकला, धावपट्टी संपत आली. म्हणून थ्रॉटल पूर्ण दिला आणि नाक वर घेतलं. झाडाच्या उंचीला मोटर बंद. सर्व्हो चालू होते, पण हाताशी उंची नव्हती आणि वेगही नव्हता. विमान शेजारच्या तुरीत गेलं. पळत जाऊन बॅटरी काढली, मोजली, तर अर्धी भरलेली! मला कळेचना.

घरी येऊन हिशोब मांडला तेव्हा कळलं. त्या सेलचा अंतर्गत रोध साधारण चाळीस-पन्नास मिलिओहम. पंधरा अँपिअर ओढले की सेलमागे सहा-सात दशांश व्होल्ट आतच जिरतात. अर्ध्या भरलेल्या सेलचे निवांत व्होल्टेज ३.६ च्या आसपास, म्हणजे ओढ लागली की ते २.९ वर बसणार. यालाच सगळे "सॅग" म्हणतात. आणि माझा ईएससी लायपोसाठी लावलेला, सेलमागे ३.२ च्या खाली गेलं की मोटर तोडायची, असा. त्या बिचाऱ्याने सांगितलेलं काम चोख केलं. बॅटरीत पाणी होतं गं, पण कळशीच्या गळ्यातून ते वेळेवर आलं नाही.

सरासरी करंट बघून मी बॅटरी निवडली होती. विमान सरासरीवर उडत नाही. त्याला सगळ्यात जास्त करंट लागतो तो नेमका अडचणीच्या क्षणी, जमिनीजवळ, आणि बॅटरी अर्धी संपलेली असताना. त्या क्षणी ती किती देऊ शकेल, एवढं बघून घे.

म्हणून माझं ऐक, कुठलीही बॅटरी घेण्याआधी वॉटमीटर हातात घे. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडायचा. विमान कुणाला तरी घट्ट धरायला सांगायचं, पंख्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, पूर्ण थ्रॉटल दहा सेकंद, आणि आकडा लिहून घ्यायचा. तुझ्या जोडणीला पंधराच्या आसपास यावा. पंखा एक इंच मोठा लावलास तर तो आकडा कुठल्या कुठे जातो, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नकोस. पंधरा अँपिअर गुणिले अकरा व्होल्ट म्हणजे १६५ वॉट, किलोमागे दीडशे. शिकाऊ विमानाला एवढं पुरतं. कसरती करायच्या तर किलोमागे सव्वादोनशे आणि वर लागतात, पण ते पुढच्या वर्षी.

तो आकडा हाती आला की निवड सोपी होते. बॅटरीची सलग देण्याची क्षमता त्याच्या किमान दुप्पट हवी असं मी धरते. तुझ्यासाठी तीस अँपिअर. २२०० ची २५सी लायपो, म्हणजे क्षमतेच्या पंचवीस पट, कागदावर ५५ देते. पाकिटावरचा सी हा आकडा मात्र जरा हात राखूनच धर. परवा तू पाठवलेल्या फोटोत २२०० च्या पॅकवर १००सी लिहिलं होतं, म्हणजे २२० अँपिअर. त्याच पॅकच्या तारा आणि एक्सटी६० कनेक्टर बघ. तो कनेक्टर साठ अँपिअरचा आहे, नावातच साठ आहे. २२० त्यातून जाणार कसे? ते आकडे विकण्यासाठी छापलेले असतात. त्यापेक्षा चार्जरवर अंतर्गत रोध मोजता येत असेल तर तो मोज. तिन्ही सेलचे आकडे कमी आणि एकमेकांच्या जवळ असले की पॅक चांगला. एक सेल बाकीच्यांपेक्षा फार वेगळा दाखवत असेल तर परत कर.

आता तुला वाटेल, ताईने लायआयनचा विषय मिटवला. नाही. आज माझ्या विमानात गोल सेलच आहेत, पण दुसरे. २१७०० मध्ये असे सेल मिळतात जे ऊर्जाही ठेवतात आणि ओततातही. मोलिसेलचा पी४२ए घे, ४२०० एमएएच आणि सलग ४५ अँपिअर. त्याच मापाचा सॅमसंगचा ५०ई बघ, ५००० एमएएच पण साधारण दहाच अँपिअर. दोघांचं वजन जवळपास सारखं, सत्तर ग्रॅमच्या आतबाहेर. पाच हजार बघून हात त्याच्याकडेच जातो, माझाही गेला असता. पण आठशे एमएएच सोडून दिले की ओतायची ताकद चौपटीहून जास्त मिळते. कळशीचा गळा रुंद करून घ्यायची ही किंमत आहे, आणि ती मी आनंदाने मोजते. तीन सेलचा पॅक सव्वादोनशे ग्रॅमपर्यंत जातो, तुझ्या लायपोपेक्षा चाळीसच ग्रॅम जास्त. ऊर्जा ४५ वॉट-अवर, लायपोची साडेचोवीस. सरासरी सात अँपिअर धरले आणि ऐंशी टक्केच वापरली, तर लायपोवर पंधरा मिनिटं, यावर अठ्ठावीस. त्या ५२०० च्या पॅककडून तुला जे हवं होतं ते जवळजवळ सगळं इथे मिळतं, तेही दोनशे ग्रॅमच्या ओझ्याशिवाय.

पण आत्ता लगेच नको. का, ते सांगते.

पहिलं म्हणजे, नकली सेल फार आहेत. १८६५० वर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तिथून उठून ये, त्या मापात तेवढी ऊर्जा मावतच नाही. एक साधी परीक्षा आहे, किचनच्या काट्यावर ठेव. खरा १८६५० पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस भरला तर आत काय आहे ते देवालाच ठाऊक. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधले सेल कुणी स्वस्तात देऊ केले तरी विमानासाठी घेऊ नकोस. टॉर्चला चालतील. ते सेल विमानाएवढी ओढ सहन करायला बनलेलेच नाहीत, वर त्यांचं किती आयुष्य संपलंय तेही माहीत नसतं.

दुसरं, पॅक बांधणं. गोल सेलवर सोल्डर करू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. ती उष्णता सरळ आतल्या सीलपर्यंत जाते. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच लावायची, आणि तुझ्या करंटला पुरेल एवढी जाड. मी माझे पॅक ई-सायकलच्या बॅटऱ्या बांधणाऱ्या एका कारागिराकडून करून घेते. सेल मी नेते, तो माझ्यासमोर जोडतो, बॅलन्सची तार लावतो.

तिसरं, ईएससीने मोटर तोडायचा तो कटऑफ. लायआयनमध्ये बरीच ऊर्जा ३.४ च्या खाली असते. लायपोच्या सवयीने ३.५ ला उतरलीस तर विकत घेतलेली निम्मी मिनिटं घरीच परत आणशील. ईएससीचा कटऑफ खाली, २.८ च्या आसपास घ्यावा लागतो, आणि सगळ्या स्वस्त ईएससींवर ते जमत नाही. तुझ्यावर जमतं का ते आधी बघ.

हे तीनही तुला जमेल, मला खात्री आहे. पण उडायला शिकणं आणि पॅक बांधायला शिकणं, दोन्ही एकदम नको. हा पावसाळा जाऊ दे.

तू लायफचं विचारलं होतंस, लायफपो४, लोह-फॉस्फेट. तुझ्या त्या सीनियरने "सगळ्यात सुरक्षित, डोळे मिटून घे" म्हणून सांगितलं ना? सुरक्षित आहे, त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्यात ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की तापलं तरी सहज सुटत नाही, आणि आगीला लागतो तो ऑक्सिजनच. पण सेलमागे ३.२-३.३ व्होल्टच. तीन सेल जोडलेस तर दहाच्या खाली, मोटर सुस्त. चार जोडलेस तर तेरा, पंखा बदलावा लागेल. २३०० एमएएचचा एक २६६५० सेल सत्तर ग्रॅम, किलोमागे एकशेदहाच्या आत. म्हणजे लायपोपेक्षाही जड. शिवाय तुझा ईएससी त्याला लायपो समजेल आणि थ्रॉटल दिल्याबरोबर मोटर तोडेल.

हिची जागा वेगळी आहे, आणि तिथे मला ही मनापासून आवडते. मोठ्या पेट्रोल विमानांत रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज द्यायला दोन सेलचा लायफ पॅक लावतात, ६.६ व्होल्ट. तेवढं व्होल्टेज चालणारे सर्व्हो असले की मध्ये रेग्युलेटरही लागत नाही, म्हणजे बिघडणारी एक वस्तू कमी. हजार वेळा भरली तरी टिकते. फक्त एक लक्षात ठेव, तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. व्होल्टमीटर बघून "अजून आहे" असं म्हणता येत नाही. किती एमएएच परत भरले ते मोजूनच हिशोब ठेवावा लागतो.

तुला गंमत वाटेल, कोबाल्टची कॅथोड, जिच्या वंशातली तुझी लायपो, आणि ही लोह-फॉस्फेट, दोन्ही एकाच माणसाच्या हाताखाली तयार झाल्या. जॉन गुडइनफ. पहिली १९८० मध्ये ऑक्सफर्डला, दुसरी पुढे टेक्सासला. १९९७ चा तो शोधनिबंध पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ असा तिघांच्या नावाने आहे. गुडइनफना नोबेल मिळालं २०१९ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, का ते नीट सांगता येणार नाही.

एचव्हीचा मोह सध्या नको. ती लायपोच, फक्त सेलमागे ४.३५ पर्यंत भरता येणारी. घरात उडवायच्या चिमुकल्या, एका सेलच्या विमानांना ती छान. तुझ्या विमानाला थोडा जास्त जोर मिळेल आणि पॅक लवकर फुगेल, बाकी काही नाही.

आता ज्यासाठी मी खरं तर आज एवढा वेळ काढला, ते. तू हॉस्टेलवर राहतेस. एका खोलीत तिघी. गाद्या, पडदे, वह्या, दोरीवर ओढण्या. तिथे तू लायपो चार्ज करणार आहेस.

रात्री झोपताना चार्जिंगला लावायची नाही. आंघोळीला जातानाही नाही. तू समोर बसलेली असशील तेव्हाच. पलंगावर, गादीवर, लाकडी टेबलावर नाही, फरशीवर मातीची कुंडी सरळ ठेव, तिच्यात पॅक, आणि बाजूला वाळूची बादली. खिडकी उघडी. कधी धूर यायला लागला तर पॅक वाचवायला जाऊ नकोस, दोघींना उठव आणि बाहेर पड, तो धूर फुफ्फुसांना फार वाईट असतो. वॉर्डनबाईंना आधीच सांगून ठेव. लपवून केलंस तर अडचणीच्या वेळी मदत मागायलाही संकोच वाटेल. त्यांनी नाही म्हटलं तर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कर. मी बोलेन त्यांच्याशी, हवं तर.

चार्जरवर प्रकार निवडताना दर वेळी मोठ्याने वाच. लायपो ४.२०, लायफ ३.६०, एचव्ही ४.३५. लायफ पॅक चुकून लायपोच्या सेटिंगवर लागला तर तो नको तितका भरला जातो. बऱ्याच हॉबी चार्जरवर "लायआयन" निवडलं की ४.१० लाच थांबतं. ते चालतं, थोडं कमी भरतं पण सेल जास्त टिकतात. नेहमी बॅलन्सची तार जोडून. तुझ्या २२०० ला २.२ अँपिअरपेक्षा जास्त वेगाने भरू नकोस, घाई असली तरी.

आपटलेली लायपो लगेच विमानात घालू नकोस. पिशवीला कोपरा आला, फुगवटा आला, गोडसर वास आला, तर तिचं काम संपलं. गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब लावून बाहेर, मोकळ्यावर, पूर्ण रिकामी कर आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे दे. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कचऱ्याच्या डब्यात टाकलीस तर ती घंटागाडीत दाबली जाईल, आणि तिथे कुणाचे तरी हात असतात.

उतरल्यावर दहा मिनिटांनी लायपो मोजलीस तर सेलमागे ३.७ च्या खाली जायला नको. रेडिओवर टायमर लाव. पहिल्या उड्डाणाला सहा मिनिटं, मग मोजून वाढव. आणि पावसाळ्यात, जूनपासून चार महिने विमान खुंटीला असेल तेव्हा बॅटरी भरलेलीही नको आणि रिकामीही नको. स्टोरेजवर ठेव, ३.८० ते ३.८५. मी एका मे महिन्यात पूर्ण भरलेले दोन पॅक बंद गाडीत विसरले होते, नागपूरचा मे. संध्याकाळी दोन्ही उशीसारखे झाले होते. थंडीत उलटं, सकाळी उडवायच्या आधी पॅक जॅकेटच्या खिशात ठेव. गार बॅटरी आळशी असते.

दिवाळीत विमानाने येणार आहेस ना, तर पॅक हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून. चेक-इन सामानात अजिबात नाही. शंभर वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. तुझे दोन २२०० मिळून एकोणपन्नास होतात, आणि मर्यादा प्रत्येक पॅकला मोजतात.

मग आत्ता काय घ्यायचं? २२०० ची तीन सेलची लायपो, २५ किंवा ३०सी, एकसारख्या दोन. एका मोठ्या पॅकपेक्षा दोन लहान बरे. मध्ये उतरशील, पंख तपासशील, सर्व्होचे स्क्रू बघशील, पाणी पिशील. शिकताना पंधरा मिनिटांनी मन थकतं, बॅटरीच्या आधी. जागाही तीच राहील, सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, हलणार नाही. दिवाळीला इकडे आलीस की आपण दोघी त्या कारागिराकडे जाऊ आणि तुझा पहिला २१७०० चा पॅक बांधून घेऊ. सेल माझ्याकडून, भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बहिणींनी एकमेकींना काहीतरी द्यायलाच हवं.

माझा वॉटमीटर उद्या कुरिअरने टाकते. त्याला एक्सटी६० लावलेलाच आहे, तुला काही जोडावं लागणार नाही. रविवारी सकाळी कुणाला तरी विमान धरायला सांग, केस बांध, ओढणी काढून ठेव. पूर्ण थ्रॉटल, दहा सेकंद. जो आकडा येईल तो मला लगेच पाठव, मी फोन हातात घेऊनच बसते.